सेवापुस्तक सांभाळणारी माणसं

जिल्हा न्यायालयाच्या आस्थापना शाखेत नवा कनिष्ठ लिपिक रुजू झाला की त्याला सगळ्यात आधी कळतं ते ३१ मेचं महत्त्व. आपल्याकडे एका पिढीतल्या कितीतरी लोकांचा जन्म कागदोपत्री १ जूनचा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली ती तारीख. आणि नियम असा, की जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल तर निवृत्ती आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणून शिरस्तेदार, लघुलेखक, बेलिफ अठ्ठावन्नाव्या वर्षी आणि शिपाई साठाव्या वर्षी, असे सगळे एकाच दिवशी निवृत्त होतात. तेव्हा न्यायालयाला उन्हाळी सुट्टी असते. जन्मभर माणसांच्या गर्दीत काम केलेल्याला निरोप द्यायला इमारतीत कोणी नसतं. म्हणून आम्ही हार-नारळ सुट्टी लागण्याआधीच उरकायचो.

पण शाखेची खरी परीक्षा निरोपाच्या भाषणात नसते, पेन्शन प्रकरणात असते. ते निवृत्तीच्या कितीतरी महिने आधी महालेखापालांकडे जावं लागतं. आपलं मुंबईचं की नागपूरचं, हे जिल्ह्यावर ठरतं, विदर्भ-मराठवाड्याचं नागपूरला. तिथे सेवापुस्तकाचं पान न् पान तपासलं जातं आणि एखादी नोंद राहिली असेल तर प्रकरण आक्षेपासह परत येतं.

इथे सांगतोय त्या किश्शांतली माणसं ओळखू येऊ नयेत इतपत तपशील मी बदलले आहेत. या शाखेत कुणाचा आजार, कुणाच्या पगारातून कापली जाणारी पोटगी, कुणावर सोसायटीचं किती कर्ज, सगळं टेबलावर येतं. ते टेबलावरच ठेवायचं असतं.

एक बेलिफ होते. समन्स बजावणं, जप्ती, ताबा देणं यात त्यांची सगळी नोकरी गेली. तालुक्यातल्या कुठल्या वाडीला ओढ्यातून जावं लागतं ते त्यांना तोंडपाठ होतं. त्यांचं सेवापुस्तक उघडलं. पहिल्या पानावर उंची, ओळखीची खूण म्हणून ‘उजव्या भुवईवर जुना व्रण’, डाव्या हाताच्या बोटांचे ठसे, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख. पुढे बदल्या, वेतनवाढी, रजा, सगळं नीट. फक्त एका तालुका न्यायालयातला वर्षभराचा काळ कोरा. माणूस तिथे रोज कामावर होता, पगारही घेत होता, पण ‘सेवा पडताळली’ हा शेरा आणि त्याखालची सही नव्हती. एवढ्यावर त्या वर्षाची सेवा अडून बसते.

बेलिफ खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, “साहेब, त्या साली पूर आला होता. समन्स घेऊन मी होडीतून गेलोय. मी नव्हतो असं कसं होईल?” त्यांचं खरं होतं. पण होडीची साक्ष चालत नाही; त्या वर्षाची वेतन देयकं लागतात. तालुका न्यायालयाला पत्र गेलं, उत्तर आलं की कार्यालय नव्या इमारतीत हलल्याने अभिलेख आढळून येत नाही. स्मरणपत्रालाही तेच उत्तर. असं उत्तर लिहिणाऱ्याला आपण कुणाच्या म्हातारपणावर सही करतोय याची जाणीव असायला हवी, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

वाट काढली ती तिथल्या रेकॉर्ड रूमच्या हमालांनी. सगळे त्यांना मामा म्हणायचे. फोनवर त्यांनी सरळ सांगितलं, “ते गठ्ठे जुन्या बिल्डिंगीत जिन्याखाली आहेत. पाणी शिरलं होतं तेव्हा मीच वर उचलून ठेवलेत.” अधीक्षकांची परवानगी घेऊन मी गेलो. लाल रुमालात बांधलेले गठ्ठे, गाठी इतक्या घट्ट बसलेल्या की मामांनी त्या दातांनी सोडवल्या. कागद कडांना विरले होते, शाई मात्र शाबूत होती. महिन्यामागून महिना देयकं निघाली. एका देयकात बेलिफांच्या नावापुढे रेव्हेन्यू स्टॅम्पवर आडवी झालेली त्यांची सही होती. प्रमाणित प्रती केल्या, पडताळणीचा शेरा घेतला, प्रकरण रवाना झालं. मामांचं नाव त्या फाईलमध्ये कुठेच नाही.

या कामाची गंमत आणि ओढाताण एकाच गोष्टीत आहे. संविधानाच्या अनुच्छेद २३५ प्रमाणे जिल्हा न्यायालयांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचं. पगार मात्र सेवार्थ प्रणालीतून राज्याच्या कोषागाराकडे जाणार, रजेला महाराष्ट्र नागरी सेवेचे १९८१चे नियम लागणार. तिन्हीकडच्या पत्रव्यवहाराची भाषा वेगळी, शंका वेगळ्या. मधे उभा असतो आस्थापनेचा लिपिक.

न्यायाधीशांचे कागदही याच खिडकीतून जातात. सर्वसाधारण बदल्यांची यादी आली की कार्यमुक्ती, अंतिम वेतन प्रमाणपत्र, रुजू अहवाल यांचा पूर येतो. एकदा नव्यानेच नेमणूक झालेल्या एक न्यायाधीश मॅडम स्वतः शाखेत आल्या. गावाकडे आईचं ऑपरेशन होतं, शनिवार-रविवार जायचं होतं. न्यायिक अधिकाऱ्याला सुट्टीतही मुख्यालय सोडायला परवानगी लागते. सकाळी त्यांच्या सहीने एक आरोपी कोठडीत गेला होता. दुपारी त्या अर्जाचा नमुना मागत माझ्या टेबलाशी उभ्या होत्या. मी खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत, उभ्यानेच अर्ज लिहिला. तो संध्याकाळच्या टपालाची वाट न बघता मी प्रमुख जिल्हा न्यायाधीशांपुढे ठेवला. निकाल देणारं माणूसही कुणाच्या तरी मंजुरीची वाट बघत असतं, हे त्या दिवशी फार जवळून दिसलं.

भरतीचे दिवस वेगळेच. २०२३च्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या जिल्हा न्यायालयांसाठी ४,६२९ पदांची जाहिरात काढली, त्यातली २,७९५ कनिष्ठ लिपिकांची. शिपाई-हमाल पदाला सातवी पास पुरे, पण रांगेत पदवीधर उभे असतात. कागदपत्र पडताळणीत मुलींची दमछाक बघवत नाही. दहावीचं गुणपत्रक माहेरच्या नावाचं, जातीचा दाखला माहेरचा, आधार सासरचं. पोरीने सगळं आयुष्य प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आणलेलं असतं आणि नेमका विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रत घरी राहिलेली असते. अशा वेळी पडताळणी करणाऱ्याने ‘कागद अपूर्ण’ एवढंच म्हणून पुढच्याला हाक मारू नये. कुठला कागद, कुठे मिळेल आणि कधीपर्यंत चालेल, हे तीन शब्द जास्त बोलावेत. त्याला पैसे पडत नाहीत.

आमच्या शाखेत एक रीत होती, ती मला फार आवडायची. कुणी लग्नाची पत्रिका घेऊन आलं की अभिनंदन करून लगेच नामनिर्देशनाचा फॉर्म हातात द्यायचा. नवरदेव लाजायचा, म्हणायचा, “आत्ता कशाला?” ही रीत सुरू झाली त्याला कारण होतं. एक तरुण शिपाई अपघातात गेला. नोकरीला लागताना त्याने आईचं नाव घातलं होतं, लग्नानंतर कुणी फॉर्म बदलून घेतला नाही. सासू आणि सून एकाच बाकावर, मधे जागा सोडून बसलेल्या होत्या. दोघींचं दुःख खरं, दोघींची गरज खरी. गट विम्याच्या रकमेपासून अनुकंपा नोकरीपर्यंत प्रत्येक कागदावर दोघींची संमती मिळवण्यात महिने गेले. तेव्हाच्या अधीक्षक बाईंनी त्या दोघींना रोज चहा पाजला आणि एकदाही आवाज चढू दिला नाही.

न्यायालयात नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे. आपलं सेवापुस्तक वर्षातून एकदा मागून घ्या, दर वर्षीचा पडताळणीचा शेरा बघा, रजेचा हिशेब बघा आणि सही करा. जन्मतारखेत चूक असेल तर नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करा. नंतर कुणी ऐकत नाही. दुय्यम सेवापुस्तक घरी ठेवा आणि नोंदी अद्ययावत करून घ्यायला ते शाखेत आणत चला. लिपिक कामात असेल, थोडा वैतागेलही. तरी अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या.