हृदय थांबते तेव्हा जवळचे हात

हृदयक्रिया अकस्मात बंद पडली की मेंदूचा रक्तपुरवठा थांबतो आणि चार ते सहा मिनिटांत त्याच्या पेशींना इजा होऊ लागते. म्हणून रुग्णवाहिका येईपर्यंतचा काळ जवळच्या माणसाच्याच हाती असतो.

छाती न उघडता, केवळ हातांच्या दाबाने रक्ताभिसरण चालू ठेवता येते, हे १९६० साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनी दाखवून दिले आणि त्यातूनच आजचा सीपीआर, म्हणजे हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवन, घडला.

प्रौढ व्यक्ती हाकेला प्रतिसाद देत नसेल आणि तिचा श्वास थांबला असेल किंवा केवळ आचके येत असतील, तर महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर कळवावे, तिला कठीण पृष्ठभागावर उताणे निजवावे आणि छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर, तळहातावर तळहात ठेवून कोपरे ताठ राखत मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यावा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी, कारण त्याच क्षणी हृदय पुन्हा रक्ताने भरते.

हे कौशल्य प्रत्येक सोसायटीने, मंडळाने आणि शाळेने प्रशिक्षकाकडून प्रत्यक्ष शिकावे.