अहोरात्र चालणारा कारखाना व पाळ्यांचें गणित

ब्रह्मपुरी हा धानाचा मुलूख. रोवणी-कापणी आटोपली कीं बांधीलाही विसावा मिळतो. परंतु त्याच जिल्ह्यांत, चंद्रपूर येथें १९८३ पासून चालणाऱ्या औष्णिक वीजकेंद्रास असा विसावा ठाऊक नाहीं. दिवाळीच्या पहांटेही तेथील बॉयलर धगधगत असतात. अशा ठिकाणीं यंत्रांची निगा राखणाऱ्यांनीं केव्हां निजावें, हा प्रश्न कारखानदारांइतकाच, ज्या घरांतून ते डबा घेऊन निघतात त्या घरांचाही आहे.

प्रथम गणित पाहूं. आठवड्याचे तास १६८. १९४८ च्या कारखाने कायद्यानें, जादा काम वगळतां, आठवड्यास ४८ तासांची मर्यादा घातली. तीन तुकड्या केल्या तर प्रत्येकीस ५६ तास येतात. चार केल्या तर ४२. म्हणून पाळ्या तीन असल्या तरी तुकड्या चार लागतात. चौथी तुकडी वाचविणें म्हणजे माणसांची झोंप खर्चीं घालणें होय.

दुरुस्तीच्या माणसांची मात्र तिन्ही पाळ्यांत सारखी वांटणी करूं नये. तपासणी, वंगण, सुटे भाग बदलणें हीं ठरलेलीं कामें दिवसाच उरकावीं. तेव्हां कोठार उघडें असतें, जाणता अभियंता हाताशीं असतो. रात्रीं लहान परंतु अनुभवी तुकडी ठेवावी. पाळी सकाळ, दुपार, रात्र याच क्रमानें पुढें सरकावी; उलट फिरविल्यास शरीरास जड जातें.

सर्वांत नाजूक घटका पाळी बदलण्याची. ६ जुलै १९८८ रोजीं उत्तर समुद्रांतील पायपर अल्फा या तेलवायूच्या मंचावर दिवसपाळीनें एका पंपाची सुरक्षा-झडप काढली होती. काम अपुरें राहिलें, तें रात्रपाळीस नीट कळलें नाहीं. दुसरा पंप बंद पडतांच तोच अपुरा पंप सुरू करण्यांत आला, वायु फुटला, आणि त्या आगींत १६७ माणसें दगावलीं. यास्तव जाणाऱ्यानें अर्धवट काम वहींत लिहावें, आणि येणाऱ्यास यंत्रापाशीं नेऊन तोंडीही सांगितल्यावांचून जागा सोडूं नये.

आतां घराकडे वळूं. रात्रपाळीहून आलेला मुलगा किंवा सून सकाळीं निजते, त्याच वेळीं पूजेची घंटा, मुलांचा गलका, पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. 'दिवसा कसली झोंप?' असेंही कोणी म्हणतें. एकत्र कुटुंबांत सर्वांचीच सोय पाहावी लागते, हें आम्ही जाणतों. तथापि कारखान्यानें पाळ्यांचा तक्ता महिनाभर आधीं द्यावा, व घरानें तो पंचांगाशेजारीं टांगावा, इतकें तरी व्हावें. चतुर्थी-एकादशी पाहतांना पाळीही पाहावी. पाहुण्यांस त्याप्रमाणें बोलवावें. एक अंधारी खोली राखून ठेवावी. रात्रीं दोन वाजतां उघड्या यंत्रापुढें बसलेल्यास जी सावधता लागते, तिची तजवीज आपण दुपारीं दार हलकेंच लोटून करूं शकतों.