विशेषणांची सोयरीक

नागपूरहून हिंगण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर औद्योगिक वसाहत आहे आणि वानाडोंगरीला १९८४ साली निघालेले यशवंतराव चव्हाण अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. पदवी आणि नोकरी यांतील अंतर येथे नकाशावर थोडेच. परंतु मराठी शाळेतून आलेल्या विद्यार्थ्याला ते मुलाखतीच्या खोलीत एकाएकी दुस्तर वाटू लागते. विषय येतो, व्याकरणही फारसे चुकत नाही. पण यंत्र, माणूस, अडचण या साऱ्यांचे वर्णन तो ‘गुड’, ‘बॅड’ आणि ‘व्हेरी’ एवढ्यावरच आटोपतो.

यावर उपाय म्हणून भारदस्त विशेषणांच्या याद्या पाठ करण्याची प्रथा पडली आहे. ती अगदीच निरुपयोगी नसली, तरी अपुरी खास आहे. आपला ‘मोठा’ हा शब्द पाहा. मोठा भाऊ इंग्रजीत ‘एल्डर’ होतो, मोठा आवाज ‘लाउड’, मोठा पाऊस ‘हेवी’ आणि मोठा माणूस ‘ग्रेट’. उलट दाट धुके, घट्ट रस्सा आणि जाड पुस्तक या तिन्हींना इंग्रज एकाच ‘थिक’ने भागवतो. यादीत विशेषणाचा अर्थ मिळतो. त्याची नामाशी असलेली सोयरीक मिळत नाही.

शिवाय विशेषणात बोलणाऱ्याचा भावही असतो. सडपातळ आणि हडकुळा यांत जो फरक, तोच ‘स्लेंडर’ आणि ‘स्किनी’ यांत. मराठीत हा भेद ज्याने जाणला, त्याला तो इंग्रजीत वेगळा शिकवावा लागत नाही. मातृभाषा हा येथे अडसर नसून भांडवल आहे.

कंपनी सरकारच्या लष्करातील अधिकारी मोल्सवर्थ याने हाच मार्ग उलट दिशेने चोखाळला. १८३१ साली प्रसिद्ध झालेल्या आणि १८५७ साली सुधारून वाढविलेल्या त्याच्या मराठी-इंग्रजी कोशात एकेका मराठी शब्दापुढे इंग्रजी छटांची रांग लागते. अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठीच्या जीआरई परीक्षेनेही २०११ साली सुटे विरुद्धार्थी शब्द विचारणे बंद केले. आता संदर्भ पाहून वाक्यातील रिकाम्या जागा भराव्या लागतात.

तेव्हा विद्यार्थ्याने रोज चार-पाचच विशेषणे घ्यावीत, पण नामासह घ्यावीत आणि त्यांना मराठी जोड शोधावी. वैशाखातले ऊन, काळी माती, कारखान्याचा भोंगा यांना ती लावून पाहावीत. शाळांनी आठवीपासून हा अभ्यास हाती घेतला, तर शिकवणीची फी न परवडणाऱ्या कामगाराच्या मुलालाही मुलाखतीच्या खोलीत मान खाली घालावी लागणार नाही.