मूत्रपिंडाचा आजार आणि सी.टी. स्कॅनचे इंजेक्शन

सी.टी. स्कॅनच्या वेळी शिरेतून दिल्या जाणाऱ्या औषधास आपल्याकडे ‘डाय’ किंवा ‘रंगाचे इंजेक्शन’ म्हणतात. वस्तुतः ते पाण्यासारखे रंगहीन असते. त्यातील आयोडीन क्ष-किरणांना अडवते, त्यामुळे रक्तवाहिन्या, गाठी व अंतर्गत रक्तस्राव चित्रात उठून दिसतात. पुढे ते शरीराबाहेर टाकण्याचे काम जवळजवळ सर्वस्वी मूत्रपिंडांवर पडते. म्हणूनच ‘किडनी खराब असताना हे इंजेक्शन द्यावे काय?’ ही नातेवाइकांची शंका रास्त आहे.

निरोगी मूत्रपिंडे हे औषध साधारणतः २४ तासांत बाहेर टाकतात. दुर्बल मूत्रपिंडांत ते रेंगाळते, तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि दोन-तीन दिवसांत रक्तातील क्रिएटिनिन वाढू शकते. बहुतेकांचे ते आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते. क्वचित डायलिसिसची वेळ येते. तथापि पूर्वी हा धोका वाजवीपेक्षा मोठा मानला जात असे. मूत्रपिंडे मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळतात यावरून त्यांची कार्यक्षमता मोजतात. ती ३० पेक्षा कमी असलेल्या किंवा मूत्रपिंडे अचानक बिघडलेल्या रुग्णांनाच मुख्यतः जपावे, असे अमेरिकेतील क्ष-किरण व मूत्रपिंड तज्ज्ञांच्या संस्थांनी २०२० साली संयुक्तपणे सांगितले.

केवळ क्रिएटिनिनचा आकडा मात्र फसवा ठरतो. तो १.५ असेल तर ३० वर्षांच्या पुरुषाची कार्यक्षमता सुमारे ६४ निघते, ७० वर्षांच्या स्त्रीची सुमारे ३७. शरीरावर मांस नसलेल्या कृश रुग्णात खरी स्थिती याहूनही वाईट असू शकते, आणि असे रुग्ण जंगलपट्ट्यातून पुष्कळ येतात.

चंद्रपूर-गडचिरोलीत आणखी काही गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. सिरोंचा वा भामरागडहून दिवसभर प्रवास करून, ‘तपासणी आहे’ म्हणून पाणीही न पिता आलेला रुग्ण आधीच कोरडा पडलेला असतो. त्यात गुडघेदुखीच्या गोळ्या चालू असतात. मेंदूज्वराचा हिवताप आणि सर्पदंश यांनीही मूत्रपिंडे अकस्मात निकामी होतात. अशा रुग्णास प्रथम सलाईन देणे हाच खरा उपाय होय. सोडा किंवा ॲसिटिलसिस्टीन यांचा त्याहून अधिक लाभ नाही, हे २०१८ च्या मोठ्या चाचणीत दिसून आले. हृदयविकार असल्यास सलाईनचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. अशा दुर्बल मूत्रपिंडांच्या रुग्णाची मधुमेहासाठीची मेटफॉर्मिन ४८ तास थांबवतात. नातेवाइकांनी चालू गोळ्यांची रिकामी पाकिटे आणली तरी मोठी मदत होते.

कायम डायलिसिसवर असलेल्या आणि लघवी पूर्ण बंद झालेल्या रुग्णात बिघडण्यासारखे फारसे उरलेले नसते. इंजेक्शननंतर लगेच जादा डायलिसिसची आवश्यकताही नसते. थोडी लघवी होत असेल तर मात्र तेवढे कार्य जपावे लागते.

‘मग एम.आर.आय. करा’ हे उत्तर सरसकट लागू पडत नाही. त्यातील गॅडोलिनियमच्या काही जुन्या प्रकारांमुळे मूत्रपिंडे निकामी असलेल्यांची त्वचा व सांधे लाकडासारखे कडक होतात, हा संबंध २००६ साली उजेडात आला. आजच्या सुधारित प्रकारांत ही भीती अत्यल्प आहे. मुतखड्यासाठी तर सोनोग्राफी किंवा इंजेक्शनविना केलेले स्कॅन बहुधा पुरते.

पोटात रक्तस्राव होत असेल किंवा आतड्याचा रक्तपुरवठा तुटला असेल, तर क्रिएटिनिनच्या अहवालासाठी थांबणे हाच मोठा धोका असतो. तेव्हा डॉक्टर तसे समजावून सांगून नातेवाइकांची संमती घेतात व इंजेक्शन देतात.