तीन गळे आणि एक गाव

लोकगीत म्हटले की ते जुने, कोणी रचले हे ठाऊक नसलेले आणि आता केवळ जतन करण्यापुरते उरलेले, असा आपला समज असतो. हा समज किती अपुरा आहे, हे इंग्लंडातील एका छोट्या गायकमंडळाच्या वाटचालीवरून ध्यानात येईल. मंडळाचे नाव ‘द यंगअन्स’, म्हणजे ‘पोरे’.

ईशान्य इंग्लंडात टीज नदीकाठी स्टॉक्टन हे गाव आहे. १८२५ साली सुरू झालेल्या स्टॉक्टन-डार्लिंग्टन रेल्वेमुळे त्याचे नाव जगाला माहीत झाले. पुढे या टापूत जहाजे, पोलाद, रसायने यांचे कारखाने उभे राहिले, आणि एकेक करून त्यांतले बहुतेक बंदही पडले. जवळच्या रेडकारचा पोलाद कारखाना २०१५ साली थंडावला, तेव्हा दोन हजारांवर कामगार घरी बसले.

या गावातल्या एका मद्यगृहाच्या खोलीत लोकगीतांचा क्लब भरे. अशा क्लबाची रीत साधी असते. व्यासपीठ नसते, ज्याला वाटेल त्याने उठून गावे आणि ध्रुपद सर्वांनी उचलावे. शॉन कूनी, डेव्हिड ईगल आणि मायकेल ह्यूज हे तीन तरुण मित्र तेथे गेले. आपल्याच गावची माणसे आपल्याच बोलीत, आपल्याच नदीवर गाणी गातात, हे त्यांना नवल वाटले. वयाने सर्वांत लहान म्हणून त्यांना जे नाव पडले, तेच त्यांनी पुढे मंडळाला ठेवले.

त्यांची बहुतेक गाणी वाद्यांवाचून असतात. आपल्याकडे शाहिराच्या मागे झीलकरी सूर धरतात. येथे तिघे एकाच वेळी तीन वेगळे स्वर लावतात आणि ते एकमेकांत मिसळतात. याचा लाभ असा की शब्द लपत नाहीत आणि ऐकणाराला साथ देता येते. गाणी पुष्कळशी कूनी लिहितात. २०१३ साली यॉर्क येथे मशिदीपुढे निदर्शने करण्यास आलेल्यांना आतल्या मंडळींनी चहा-बिस्किटे दिली, त्यावर त्यांनी गीत केले. बीबीसीच्या लोकसंगीत पारितोषिकांत २०१५ व २०१६ साली हे मंडळ सर्वोत्कृष्ट ठरले. २०१८ साली त्यांच्या ‘स्ट्रेंजर्स’ या गीतसंग्रहालाही पारितोषिक मिळाले.

परंतु मला महत्त्वाचे वाटते ते यापुढचे काम. एका कार्यक्रमानंतर एक गृहस्थ वडिलांचे छायाचित्र घेऊन त्यांच्याकडे आले. वडिलांचे नाव जॉनी लाँगस्टाफ, जन्म स्टॉक्टन, १९१९. हा मुलगा पंधराव्या वर्षी बेकारांच्या भूक-मोर्चाबरोबर लंडनपर्यंत चालत गेला. १९३६ साली केबल स्ट्रीटवर तो फॅसिस्टांच्या विरोधात उभा राहिला, आणि पुढे स्पेनच्या लोकशाहीसाठी लढला. त्याच्या आठवणी त्याच्याच आवाजात लंडनच्या युद्ध-संग्रहालयात नोंदलेल्या होत्या. मंडळाने त्यावर गीतमाला रचली (२०१९), तिचे नाट्यरूप रंगभूमीवर आणले आणि मधूनमधून जॉनीचाच आवाज ऐकविला.

यातून आपण काय घ्यावे? संघटनेच्या अहवालात संपाची तारीख असते, सभासदसंख्या असते, तडजोडीची कलमे असतात. चालणाऱ्याच्या पायाचे फोड नसतात. ते गाण्यात राहतात. मुंबईच्या कामगाराला हे नवे नाही. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४०च्या दशकात हेच केले. १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या. गिरणगावच्या शंभर आवाजांचे पुस्तक मीना मेनन व नीरा आडारकर यांनी २००४ साली प्रसिद्ध केले. आवाज कागदावर आले, हे मोठेच काम झाले. पण कागदावरचा आवाज पुन्हा गळ्यात यावा लागतो, आणि त्यासाठी मोठा वाद्यवृंद लागत नाही. स्टॉक्टनला तीन पोरे पुरली. संप पाहिलेली माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यापाशी बसून ऐकून घेण्याची सवड आपल्या पोरांना आजच काढावी लागेल.