पाणचक्की, बोअर आणि जळालेली मोटार

विजेचं गणित डोळ्यांनी बघायचं असेल तर आपल्या शहरात त्यासाठी पाणचक्कीइतकी चांगली जागा नाही. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली ही 18व्या शतकातली चक्की. उत्तरेकडच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी कित्येक किलोमीटर खापरी नळांतून आणलं, उंच चढवलं आणि तिथून खाली सोडलं. त्या जोरावर जातं फिरायचं.

जातं किती ताकदीनं फिरणार, हे पाणी किती उंचीवरून पडतं आणि दर सेकंदाला किती पडतं, यावर ठरतं. उंची भरपूर पण धार करंगळीएवढी, तर पीठ पडायचं नाही. दोन्हींचा गुणाकार म्हणजे ताकद. विजेतही तसंच आहे. उंचीच्या जागी व्होल्ट, धारेच्या जागी अँपिअर, गुणाकार म्हणजे वॅट. 2000 वॅटचा गिझर 230 व्होल्टवर लावला, तर भागाकार करा: 8.7 अँपिअर. म्हणून तो 6 अँपिअरच्या छोट्या प्लगवर लावायचा नाही, 16 अँपिअरचाच हवा.

आता खापरी नळ. नळ जितका लांब आणि अरुंद, तितका पाण्याला अडथळा जास्त. तारेच्या अडथळ्याला रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. जर्मन शिक्षक गेओर्ग ओहम यांनी 1827 साली मांडलेला नियम शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला असतो: व्होल्ट म्हणजे अँपिअर गुणिले ओहम. पाठ केलेला हा नियम घरच्या बोअरला लावून बघायचं मात्र आपल्याला कुणी सांगत नाही. तेच आज करू या, कारण नळाला रोज पाणी न येणाऱ्या या शहरात कितीतरी घरं आणि सोसायट्या बोअरवर जगतात.

समजा एक हॉर्सपॉवरची सबमर्सिबल मोटार 8 अँपिअर घेते आणि स्टार्टरपासून मोटारीपर्यंत 100 मीटर वायर आहे. वीज जाते एका तारेतून आणि परतते दुसरीतून, म्हणजे हिशेब 200 मीटरचा. तांब्याच्या ‘दीडच्या’ वायरचा, म्हणजे दीड चौरस मिलिमीटरच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे 12 ओहम असतो. आपल्या वायरीचा झाला 2.4 ओहम. 8 गुणिले 2.4, म्हणजे 19 व्होल्ट वाटेतच खर्ची पडले. तारेत उष्णता किती झाली? अँपिअरचा वर्ग गुणिले रोध: 64 गुणिले 2.4, साधारण 154 वॅट. मोटार रोज 6 तास चालली तर जवळपास एक युनिट नुसती वायर तापवण्यात जातं आणि त्याचंही बिल आपणच भरतो. ‘चारची’ वायर घातली तर हीच तूट 7 व्होल्ट आणि 59 वॅटवर येते. वायर घेताना वाचवलेले पैसे असे वर्षानुवर्षं फेडावे लागतात.

खरा घात मे महिन्यात होतो. संध्याकाळी गल्लीतले सगळे कूलर सुरू होतात आणि व्होल्टेज 190वर येतं. गिझर असता तर त्याचा रोध तोच राहून तो फक्त कमी तापला असता. मोटारीचं तसं नाही. तिला तेवढंच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचं असतं, म्हणून व्होल्ट कमी झाले की ती अँपिअर वाढवते. समजा 8चे 10 झाले. वाटेतली तूट 24 व्होल्टची झाली, म्हणजे मोटारीपर्यंत पोचले 166. अँपिअर सव्वापट झाले, पण उष्णता वर्गानं वाढते: 64च्या जागी 100, म्हणजे दीडपटीहून जास्त. हीच वाढ मोटारीच्या वाइंडिंगमध्ये, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्यांतही होते आणि तिथला इनॅमलचा पातळ थर ती फार काळ सोसत नाही.

अशा वेळी स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले मोटार बंद करतो. पाणी तर हवंच असतं. मग कुणीतरी पेचकस घेऊन रिले 9वरून 12 अँपिअरवर नेतो, मोटार सुरू होते आणि सगळ्यांना हायसं वाटतं. मला या एका कृतीची फार धास्ती वाटते. 12चा वर्ग 144. म्हणजे 64च्या हिशेबानं बनवलेल्या वाइंडिंगला आता सव्वादोनपट तापायची मोकळीक मिळाली, आणि तिला थांबवणारं मध्ये कुणीच उरलं नाही.