कावळ्यांचा संघ

यंदाच्या मे महिन्यात माझी नात पुण्याहून भोरला आली ती एका अटीवर. "आजोबा, मी महिनाभर राहीन, पण रोज संध्याकाळी तुम्ही माझ्याबरोबर एक जपानी मालिका पाहायची." मी म्हटले, त्यात काय अवघड आहे? पाच-दहा भाग असतील. अट मान्य करून बसलो आणि मग कळले, की भाग एकंदर ८५ आहेत! शिवाय मालिका हाडामांसाच्या माणसांची नव्हे, हलत्या चित्रांची. सत्तरी ओलांडल्यावर 'कार्टून' पाहत बसलेला मास्तर शेजाऱ्यांच्या दृष्टीस पडू नये, म्हणून पहिले दोन दिवस मी खिडकीचा पडदा ओढून घेत असे. तिसऱ्या दिवशी पडदा ओढायचे विसरलो. आठव्या दिवशी नात आंघोळीला गेली असताना पुढचा भाग एकट्यानेच पाहून टाकला, आणि त्या गुन्ह्याबद्दल मला दिवसभर अबोला सोसावा लागला.

मालिकेचे नाव 'हायक्यू'. जपानी भाषेत या शब्दाचा अर्थच मुळी व्हॉलीबॉल. हारुइची फुरुदाते यांनी 'शोनेन जंप' या तिकडच्या लोकप्रिय साप्ताहिकात २०१२ ते २०२० या काळात ही चित्रकथा क्रमशः लिहिली आणि रेखाटली. तिची प्रकरणे ४०२ आणि पुस्तके ४५. तिच्यावरून २०१४ ते २०२० मध्ये चार पर्वांत ही चित्रमालिका निघाली आणि २०२४ साली पुढच्या कथाभागावर चित्रपटही आला. अशा चित्रमालिकांना 'ॲनिमे' म्हणतात. आपल्याकडच्या शाळकरी मुलांना हा शब्द आता 'अभ्यास' या शब्दापेक्षा जवळचा झाला आहे, हे ज्या घरात मुले आहेत तेथे सांगायला नको.

आता मी यात एवढा का गुंतलो, ते सांगतो. वेल्हे भागातल्या एका माध्यमिक शाळेत मी पस्तीस वर्षे मराठी शिकविले. (त्या तालुक्याला राजगड तालुका असे नाव देण्याचा निर्णय २०२४ साली झाला, पण माझ्या जिभेला जुने वळण आहे, वाचकांनी चालवून घ्यावे.) शाळेला क्रीडाशिक्षक नव्हता. एके दिवशी मुख्याध्यापकांनी एक जुने जाळे आणि एक चेंडू माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "व्हॉलीबॉलचं तुम्ही बघा." व्हॉलीबॉलमधले मला ओ की ठो कळत नव्हते. तोरण्याच्या पायथ्याचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे, की गणपती उठेपर्यंत मैदान नावाची वस्तू तिकडे नसतेच, असते ते तळे. भातलावणीत निम्मा संघ चिखलात आणि भातकापणीत उरलेला निम्मा खाचरात! शेवटी सुटीवर आलेल्या एका फौजीच्या घरी मी रोज संध्याकाळी जाऊन बसू लागलो. चौथ्या दिवशी तो कंटाळून उठला आणि मैदानावर आला.

'हायक्यू'मध्ये ताकेदा नावाचे एक शिक्षक आहेत. ते भाषा शिकवतात, खेळातले त्यांना काही कळत नाही, आणि संघ मात्र त्यांच्या गळ्यात पडलेला. सरावाचा सामना मिळावा म्हणून ते शाळाशाळांना फोन करतात, लोकांपुढे डोके टेकवतात आणि एका दुकानदाराच्या, म्हणजे जुन्या नामांकित प्रशिक्षकाच्या नातवाच्या, तो 'हो' म्हणेपर्यंत मागे लागतात. ते पाहून मी नातीला म्हणालो, "अगं, हे माझं चरित्र यांना कुणी सांगितलं?"

गोष्ट तशी साधी आहे. मियागी हा टोकियोपासून दूर, ईशान्येकडचा प्रांत. तिथल्या कारासुनो शाळेचा संघ एके काळी देशाच्या स्पर्धेपर्यंत गेलेला, पण आता मागे पडलेला. 'कारासु' म्हणजे कावळा. म्हणून लोक या संघाला उडता न येणारे कावळे म्हणून हिणवतात. त्या शाळेत हिनाता नावाचा मुलगा येतो. उंची जेमतेम १६३ सेंटिमीटर, म्हणजे व्हॉलीबॉलच्या हिशेबाने बुटकाच, पण उडी अशी की पाहत राहावे. तिथेच त्याला भेटतो कागेयामा. हा चेंडू उचलून देण्यात, म्हणजे सेटर म्हणून, मोठा कसबी. पण स्वभाव असा हुकमी, की आधीच्या शाळेत सोबत्यांनी त्याच्या चेंडूवर उडी मारायचेच सोडून दिलेले. या दोघांचे आधी भांडण आणि मग गूळपीठ, हा कथेचा कणा.

मालिकेचा पहिला गुण हा, की आडगावची मुले तिने आडगावची म्हणूनच दाखवली आहेत. फुरुदाते हे स्वतः इवाते प्रांतातल्या कारुमाई नावाच्या लहानशा गावचे. कथेतले पुष्कळ देखावे त्या गावावरून घेतलेले आहेत. एका भागात हा संघ सरावासाठी टोकियोकडे जातो आणि वाटेत दिसलेला विजेच्या तारांचा साधा मनोरा पाहून मुले हरखून विचारतात, हाच का तो टोकियोचा प्रसिद्ध मनोरा? मी हसता हसता थांबलो. चेलाडी फाट्यावरून एस. टी. पकडून मी पोरांना जिल्ह्याच्या स्पर्धेला नेत असे, तेव्हा कात्रजचा बोगदा ओलांडला की प्रत्येक दगडी भिंतीला एकेकजण विचारी, "सर, ह्योच का शनिवारवाडा?"

दुसरा गुण, खेळाविषयीचा प्रामाणिकपणा. येथे एकट्या वीराच्या चमत्काराने सामना जिंकला जात नाही. चेंडू कोणी अडवला, कोणी उचलला, कोणी खोटी उडी मारून समोरच्याला फसवले, याचा हिशेब नीट मांडलेला आहे. खेळाचा गंध नसलेल्या माझ्या सूनबाईसुद्धा महिनाअखेर 'हा चेंडू मागच्या ओळीतून मारला' असे सांगू लागल्या. आणि परीक्षेत नापास झालेल्यांना खेळातले देव म्हणून माफी नाही. नायक महाशय एका विषयात गटांगळी खातात आणि जादा तासांमुळे सराव-शिबिराला उशिरा पोचतात. पालकांनी या भागाकडे अवश्य लक्ष द्यावे!

तिसरा गुण मला सर्वांत मोठा वाटतो. ही मालिका हरणाऱ्यांकडे पाहते. पहिल्याच फेरीत कारासुनोकडून हरलेला एक संघ आहे. तसल्या संघाचे नाव दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातही येत नाही. पण त्या मुलांनीही तीन वर्षे घाम गाळला होता, त्यांचाही खेळ खराच होता, हे सांगायला मालिका थांबते. पुढे कारासुनो स्वतः हरते, तेव्हा प्रशिक्षक मुलांना एका खाणावळीत नेतो आणि पुढ्यात ताटे मांडतो. कोणी बोलत नाही. मुले जेवता जेवता रडू लागतात, आणि रडता रडता जेवत राहतात. शाळांच्या स्पर्धेत एक संघ जिंकतो आणि बाकी सारे हरून घरी जातात. मग शिकवण कोणासाठी हवी, जिंकणाऱ्या एकासाठी की घरी जाणाऱ्या साऱ्यांसाठी?

आता उणिवा. नातीच्या धाकामुळे त्या लपवीन असे नाही.

पहिली उणीव म्हणजे लांबण. तिसरे पर्व अख्खे दहा भागांचे आणि त्यात सामना किती? एक! चेंडू हवेत असतो आणि तेवढ्यात मारणाऱ्याला आपले बालपण आठवते, मग अडवणाऱ्याला आपले, मग प्रेक्षकांत बसलेल्या कोणा जुन्या खेळाडूला त्याचे. एकदा चेंडू हवेत असताना मी उठून आत गेलो, चहा ठेवला, गाळला, दोन कप घेऊन बाहेर आलो. चेंडू हवेतच! दर आठवड्याला पुढच्या अंकाची ओढ लावायची, तर गोष्ट नेमक्या ठिकाणी तोडावी लागते, हे साप्ताहिकाचे तंत्र मी समजू शकतो. तेच तंत्र पडद्यावर आले की जांभई येते.

दुसरी उणीव, या मुलांना घर जवळजवळ नाहीच. कोणाला गुरे सोडायची नाहीत, कोणाचा बाप आजारी नाही, गाडीभाड्याचे पैसे नाहीत म्हणून कोणी मागे राहत नाही. आमच्याकडे संघ निवडण्याआधी मला घरोघर विचारावे लागे, की कापणी कधी आहे.

तिसरी उणीव नातीने काढली आणि ती बिनतोड आहे. "आजोबा, यात मुली का खेळत नाहीत?" कारासुनोत मुलींचाही संघ आहे, पण तो काही मिनिटांत हरतो आणि कथेतून नाहीसा होतो. उरलेल्या मुली पाण्याच्या बाटल्या भरतात आणि काठावरून टाळ्या वाजवतात. आश्चर्य असे, की जपानात या खेळाचे वेड लावले ते मुलींनीच! १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉल प्रथमच आला आणि सुवर्णपदक जपानी महिलांनी जिंकले. त्यांतल्या बहुतेक जणी एका कापड कंपनीत नोकरी करणाऱ्या. दिवसभर काम आणि रात्री उशिरापर्यंत सराव. त्यांच्या मागोमाग मुलींच्या व्हॉलीबॉलवर 'अटॅक नंबर वन' ही १०४ भागांची चित्रमालिका १९६९ ते १९७१ या काळात झाली. पन्नास वर्षांपूर्वी ज्या मैदानात होत्या, त्या काठावर आल्या, हे काही ठीक नाही.

मात्र त्या जुन्या मालिकांचे एक व्यंग 'हायक्यू'ने टाळले आहे, आणि त्यासाठीच मी हा लेख लिहायला बसलो. त्या काळचा सगळा भर सोसण्यावर होता. १९६८ ते १९७१ या काळातल्या 'क्योजिन नो होशी' या १८२ भागांच्या बेसबॉल-मालिकेत बाप आपल्या कोवळ्या मुलाच्या अंगावर पोलादी स्प्रिंगांचा सांगाडा चढवतो आणि त्याच्याकडून मेहनत करून घेतो. तो मुलगा मोठा खेळाडू होतो आणि शेवटी त्याचा हात कायमचा निकामी होतो. हीच कथा २०१२ साली मुंबईत आणली गेली. 'सूरज : द रायझिंग स्टार' या नावाने ती हिंदीत दाखवली गेली. बेसबॉलच्या जागी क्रिकेट आले, नायक मुंबईच्या झोपडपट्टीतला झाला आणि पोलादी स्प्रिंगांच्या जागी सायकलच्या ट्यूब आल्या. साहित्य सौम्य झाले, तरी बापाचे स्वप्न मुलाच्या खांद्यावर ते तसेच राहिले.

'हायक्यू'च्या मूळ चित्रकथेत याच्या उलट एक प्रसंग आहे. तो त्या ८५ भागांत नाही. नातीने ते पुस्तक बरोबर आणले होते. राष्ट्रीय स्पर्धेची उपउपांत्य फेरी, सामना रंगात आलेला, आणि हिनाताच्या अंगात ताप भरतो. तो खेळतो म्हणून हट्ट धरतो. तेव्हा ते ताकेदा मास्तर, खेळातले काही न कळणारे, त्याच्यापुढे बसतात आणि त्याला समजावून मैदानाबाहेर काढतात. संघ हरतो. लेखकाने तो जिंकवला नाही, हे विशेष.

मी पुस्तक मिटले. नातीने विचारले, "काय झालं, आजोबा?" मग तिला जे सांगितले, ते घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

१९९४ साल. आमचा संघ तालुक्यात पहिला आला होता. जिल्ह्याच्या स्पर्धेच्या दिवशी भातकापणीमुळे तिघे आले नाहीत, उरले सात. त्यांत आमचा सर्वांत चांगला चेंडू मारणारा पोरगा दहावीतला. एस. टी.त त्याचे डोळे लाल दिसले, कपाळ तापलेले लागले. मी त्याला तापाची गोळी दिली. तो म्हणाला, "सर, मी खेळतो." मला तेच ऐकायचे होते. तिसऱ्या डावात तो उडी मारून खाली आला तो उठलाच नाही. विषमज्वर निघाला. तीन आठवडे अंथरूण, सहामाही बुडाली, वर्षावरही परिणाम झाला. मी भेटायला गेलो, तेव्हा त्याची आई चुलीपाशी बसली होती. ती चिडली नाही, ओरडली नाही. एवढेच म्हणाली, "पोरगं खेळतोच म्हननार, गुरुजी. नको म्हनायला तुमी होता न्हवं?"

त्यानंतर एकोणीस वर्षे मी संघ नेला. प्रत्येक वेळी गाडीत बसण्याआधी प्रत्येकाच्या कपाळाला हात लावला. पण त्या एका दिवसाचे उत्तर मला सापडले नव्हते. ते त्या चित्रातल्या मास्तरांनी दिले.

मुलांना या मालिका पाहू द्याव्यात का, असे पालक विचारतात. माझे मत असे, की जरूर पाहू द्याव्यात, फक्त एकट्याने नव्हे. आपणही शेजारी बसावे, चेंडू हवेत राहिला तर हसावे, मुली कुठे आहेत म्हणून विचारावे. आणि आपल्या मुलाच्या खांद्यावर आपण काय चढवले आहे, तेही एकदा पाहावे. स्प्रिंगा असतीलच असे नाही. शिकवण्यांच्या वह्याही असतील.

तो पोरगा आता पन्नाशीकडे आला आहे. भोरच्या बाजारात त्याचे दुकान आहे. दिवाळीच्या पणत्या मी त्याच्याकडूनच घेतो. परवा नातीला बरोबर घेऊन गेलो. तिने न राहवून त्याला विचारलेच, "काका, तुम्हाला ती पुण्याची मॅच आठवते का?"

तो मोकळेपणाने हसला. "न आठवायला काय झालं? कात्रजचा बोगदा पहिल्यांदा तेव्हाच पाहिला मी!"

तापाचे नावही त्याने काढले नाही. पणत्या कागदात गुंडाळून त्याने नातीच्या हातात दिल्या, दोन जास्तच घातल्या, आणि पैसे घेताना मला म्हणाला, "सर, माझी धाकटी यंदा शाळेच्या संघात आहे. एकदा येऊन बघा तिचा खेळ."

दिवाळीची सुटी संपली, की जाणार आहे.